सुधारित दर

‘सुधारित’ हा शब्द गेल्या पंधरा दिवसांत मी किती वेळा छापला, ते मोजायची आता हिंमत नाही. आमचा लहानसा छापखाना आहे. आर्थिक वर्ष संपत आलं की आमच्याकडे दरपत्रकांची सुगी येते. क्लासवाले, जिमवाले, दवाखाने, लाँड्री, पार्किंग, सगळे एकाच आठवड्यात उगवतात आणि मजकूर सगळ्यांचा तोच. ‘ग्राहकांना नम्र विनंती, नव्या आर्थिक वर्षापासून खालीलप्रमाणे सुधारित दर लागू राहतील.’ अहो, सुधारलं काय त्यात? वाढलेत म्हणा की सरळ! बीपी वाढलं तर डॉक्टर ‘तुमचं बीपी सुधारलं’ म्हणतात का? आणि ती ‘नम्र विनंती’ तर डोक्यातच जाते. विनंती असेल तर मी नाही म्हणू शकतो का?

दुसऱ्यांची दरवाढ छापायची आणि तिच्याखाली स्वतःच भरडून निघायचं, असा हा माझा धंदा.

परवा कागद आला. रॅपर तेच, रंग तोच, ५०० शीटची रीम. पण उचलताना हाताला काहीतरी खटकलं. वीस वर्षं रिमा उचलतोय, हाताला कळतं. पार्सलच्या काट्यावर ठेवली तर २ किलो ३४० ग्रॅम. आता ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा ए-फोर कागद म्हणजे एक शीट साधारण ५ ग्रॅम, म्हणजे रीम जवळजवळ अडीच किलो भरायला हवी. रॅपर फिरवून फिरवून पाहिलं, तेव्हा बारकोडच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं: ७५. भाव मात्र ८०वाल्यापेक्षा चढा! सप्लायरला फोन केला तर म्हणतो, ‘दादा, कंपनीनेच बदललं, आता हाच चालतो सगळीकडे.’ चालतो काय? पाठपोट छापलं की मागची अक्षरं पुढून डोकावतात. गिऱ्हाईक शिव्या मला घालतं, कंपनीला नाही.

घरीही तोच प्रकार. धुण्याच्या पावडरचा किलोचा पुडा आता ९०० ग्रॅमचा झालाय आणि किंमत ‘स्थिर’ आहे. लोकांना वाटतं दहा टक्क्यांचा फटका. गणित करा, त्याच पैशात १०० ग्रॅम कमी मिळतंय म्हणजे किलोमागे भाव ११ टक्क्यांनी वाढला. पण पुड्यावर ‘सुधारित’ लिहिलेलं नाही, हे एक बरं. तिथे ‘नवीन आकर्षक पॅक’ असतं.

भाड्याचं तर विचारूच नका. करारात एक ओळ आहे, ‘दरवर्षी १० टक्के वाढ’. सही करताना मी मनात पाच वर्षांचे ५० टक्के धरले होते. शहाणाच मी! शंभराचे ११०, मग १२१, मग १३३, मग १४६, आणि पाचव्या वाढीला १६१. वाढीवर वाढ चढते. याच चालीने आठव्या वाढीला भाडं दुपटीच्याही वर. जागा तीच, गळणारा कोपरा तोच, शटर तेच, जे अजून दोघांनी ओढल्याशिवाय खाली येत नाही.

विजेचं बिल आलं तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, आपण गिझर बंद ठेवला होता ना?’ ठेवला होता. दोन हजार वॅटचा गिझर, अर्धा तास चालला की एक युनिट जातं, म्हणून महिनाभर सगळ्यांनी गार पाण्याने आंघोळी केल्या. युनिट उतरले. बिल चढलं. कारण स्थिर आकार वाढला. तारा, खांब, सबस्टेशन यांचा खर्च आपण दिवा लावला काय न लावला काय, होतच असतो, हे मला कळतं. पण मग काटकसरीचे सल्ले तरी देऊ नका! जो आकडा माझ्या हातात आहे तो मी खाली आणायचा आणि जो नाही तो तुम्ही वर न्यायचा, अशी ही रस्सीखेच.

त्यात टीव्हीवर कोणीतरी उंटावरचा शहाणा सांगतो, महागाई सातवरून चार टक्क्यांवर आली. आली असेल. पण शंभराची वस्तू आधी १०७ झाली, आता १११ झाली. महागाईचा दर उतरला म्हणजे वेग कमी झाला, भाव उतरले नाहीत. गाडी चढावर जरा हळू चाललीय, एवढंच. आणि हे सांगताना त्याचा चेहरा असा, की जणू मला घरी पैसे परत येणार आहेत.

विमा वाढला. सॉफ्टवेअर पूर्वी एकदा विकत घेतलं की संपलं, आता दरवर्षी कार्डातून आपोआप पैसे कापतात आणि बंद करायचं बटण शोधायला दुर्बीण लागते. हिशोब बघणाऱ्यांनीही फी वाढवली, ‘कामं वाढलीत’ म्हणे.

या सगळ्यांत एकच माणूस समोर येऊन उभा राहिला, माझा मशीनवरचा पोरगा. त्याच्याही खोलीचं भाडं वाढलंय. मान खाली घालून म्हणाला, ‘काका, जमलं तर थोडं बघा.’ सगळ्यांत कमी वाढ त्याने मागितली आणि विचारलंही फक्त त्यानेच. बाकीच्यांनी नुसतं कळवलं. त्याला हो म्हटलं. कुठून द्यायचे, ते मीही अजून बघतोच आहे.

बरं, हा छळ एकट्या एप्रिलचा नाही. ऑस्ट्रेलियात आर्थिक वर्ष १ जुलैला लागतं, अमेरिकी सरकारचं १ ऑक्टोबरला. ब्रिटनचं करवर्ष एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कारण पूर्वी वर्ष २५ मार्चला लागायचं आणि १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले गेले. वसुलीचे दिवस बुडू नयेत म्हणून तारीखच पुढे ढकलली. लोकांचे ११ दिवस गेले तर गेले, तिजोरीचा एकही जाता कामा नये! वसूल करणाऱ्याला कायम मुहूर्त सापडतो. माझ्या कमाईला कुठल्या कॅलेंडरात तारीख नाही. माझं स्वतःचं दरपत्रक तीन वर्षांपूर्वीचं, काउंटरच्या काचेखाली पिवळं पडलंय. बदलायला घेतलं की पुढच्या गल्लीतला छापखाना आठवतो आणि हात थांबतो.

आज सकाळी एक जुने गिऱ्हाईक आले. नवं दरपत्रक छापायचंय, ५०० प्रती, जाड कागद. मजकूर वाचला. प्रत्येक ओळीत पंधरा-वीस टक्क्यांची वाढ, आणि वर ठळक अक्षरात तोच शब्द. प्रूफवर सही केली, पेन खिशाला लावलं आणि जाता जाता म्हणाले,

‘काका, आपला रेट मागचाच ना?’