जावयांनी शर्ट काढला म्हणून

तीन दिवस झाले, आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद चालू आहे आणि मला इथे स्वीडनमध्ये, उप्सालात काही काम सुचत नाहीये. माझ्या लहान बहिणीला नागपुरात मुलगा झाला, ३३व्या आठवड्यात, १६०० ग्रॅमचा. बाळ स्वतःचा श्वास स्वतः घेतंय, डॉक्टर म्हणाले कांगारू केअर द्या, म्हणजे बाळ उघड्या छातीला लावून ठेवा, बहिणीचं सिझर झालंय, म्हणून ती झोपली की आमचे जावई बसतात. त्यांनी फोटो टाकला. शर्ट काढलेला, छातीवर टोपी-मोजे-डायपर घातलेलं एवढंसं बाळ, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला, वरून शाल. झालं, मोठे काका सुरू झाले. "हे फॉरेनचं फॅड आहे. थंडी कशी पडून राहिली अन् लेकराले उघडं काहून ठेवता? काचेच्या पेटीत ठेवा, पैसे मी देतो."

काकांची माया खरी आहे, पैसे देतो म्हणाले तर ते देणारच. पण फॉरेनचं फॅड? अहो, १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका दवाखान्यात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवायला लागायची, त्यातून डॉ. एडगर रे सानाब्रियांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. हे गरजेतून आलंय, श्रीमंत देशांनी ते नंतर उचललं. आणि २०२१ मध्ये छापून आलेला मोठा अभ्यास भारत, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया अशा पाच देशांत झाला, भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं, जन्मल्यापासूनच छातीला लावली तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. यात श्रीमंतांचं फॅड कुठे आहे?

आणि बाळ उघडं नसतंच ना. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते, कातडी पातळ, वजनाच्या मानानं अंगाचा पसारा मोठा, त्याला आपल्यासारखं कुडकुडताही येत नाही. गार पडलं की अंगातली साखर आणि ऑक्सिजन ऊब करण्यातच खर्च होतो, मग वजन कुठून वाढणार? पोट गरम पण तळपाय गार लागले तर समजायचं की बाळ थंडीशी झगडतंय. अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश एवढ्यातच ठेवायचं असतं, माणसाच्या छातीवर ते राहतं आणि वर आईचं दूध हाताशी. फार आजारी बाळाला पेटी, मशीन लागतंच, ते कोण नाकारतंय. पण नुसत्या उबेसाठी लागणाऱ्या पेटीचे पैसे वाचले तर त्यात जावई चार सुट्ट्या जास्त घेऊ शकतील. आणि हो, गरम पाण्याच्या बाटल्या, धुराची शेगडी आणि पाचव्या दिवशीची तेल लावून अंघोळ, कृपा करून नको. नागपूरहून तीन-चार तासांवर गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंगांनी गावातल्या बायांना बाळ कसं उबेत ठेवायचं ते शिकवलं, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आलं, आणि आपण नागपूरकर फॉरेन फॉरेन करतोय.

काका स्वतः अठमासे. आजीनं त्यांना हिवाळाभर लुगड्याच्या पदरात पोटाशी बांधून ठेवलं होतं, रात्री उठून उठून तळपाय चाचपायची, हे त्यांनीच आम्हाला दहा वेळा सांगितलंय. मी हे ग्रुपवर लिहिलं तर आत्या म्हणाली, "तुले तिथं बसून बोलाले काय जाते, इथलं आम्हाले माहीत." तेव्हापासून डोकं भणभणतंय.

कारण ती चूक नाही बोलली. माझी लेक इथे ३१व्या आठवड्यात झाली, फेब्रुवारीत. बायको आणि मी पाळीपाळीनं खुर्चीत, पाच आठवडे, कासानकडून, म्हणजे इथल्या सरकारी विमा खात्याकडून पैसे येत होते, बॉसनं एक मेल केला, गेट वेल सून, बस. जावई बुटीबोरीला शिफ्ट करून येतात आणि रात्री बसतात, त्यांना कोण देतंय पाच आठवडे? पण आमच्या त्या खोलीत तिसरं माणूस नव्हतं. आई व्हिसामुळे दोन महिन्यांनी पोचली. नर्स चांगल्या होत्या, बोलायच्या ते अर्धंच कळायचं, मग मी त्या १४०० ग्रॅमच्या पोरीशीच नागपुरीत बोलत बसायचो, महालातल्या घराचं, संत्र्यांच्या पेट्यांचं, काकांचं.

आणि तेव्हा ग्रुपवर मी फोटो टाकला तो चादरीत गुंडाळलेल्या पोरीचा. शर्ट काढलेला फोटो माझ्याकडे होता, नर्सनंच काढून दिलेला, पण काका काय म्हणतील, बाप असा उघडा बसतो का म्हणतील, या भीतीनं मी तो कुणालाच दाखवला नाही, आईलासुद्धा नाही. बारा वर्षं बाहेर राहून मला जे जमलं नाही ते मानेवाड्याच्या या पोरानं पहिल्याच दिवशी केलं, आणि मी इथून त्याची बाजू मांडतोय.

काल रात्री तो फोटो शोधला आणि टाकला. तासभर कुणीच काही लिहिलं नाही. मग काकांचा मेसेज आला, "पोरीचे तळपाय गरम होते का तवा?"

गरम होते काका.