तासभर सायकल मारून घराची वीज भागत नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: जिमची सायकल तासभर मारा, घराला दिवसभर वीज मिळेल. हे खरं नाही.

पेडल मारून वीज तयार होते, यात वाद नाही. प्रश्न किती, हा आहे. धडधाकट माणूस तासभर सलग साधारण 100 वॅट देतो. म्हणजे 0.1 युनिट. जुना 75 वॅटचा पंखा त्यावर जेमतेम सव्वा तास फिरेल, दीड टनाचा एसी काही मिनिटंच.

काल क्लबहाउसमधल्या सायकलवर मी स्वतः बसलो. आकडा 90 वॅटवर टिकवताना विसाव्या मिनिटाला हँडलवर घाम टपकत होता. 250 वर नेला, तर मिनिटभरात मांड्या भरून आल्या.

गोंधळ होतो तो पडद्यावरच्या कॅलरींमुळे. तासाला 400 दिसतात, त्यांचे जवळपास अर्धा युनिट होते. पण शरीर जाळतं त्यातली 20-25 टक्केच ऊर्जा पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते.

सायकल जरूर मारा, हृदयासाठी ती उत्तमच. पण या मेसेजवर विसंबून गच्चीवरच्या सोलरचा ठराव कृपया लांबवू नका.