घोड्याच्या ठाणातलं ‘संरक्षण’

मुलांना काय वाचायला द्यावं, यावर पालक बोलायला लागले की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. ‘दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपान्यांना छावण्यांत ठेवलं, ते त्यांच्याच संरक्षणासाठी. शत्रूराष्ट्राचे नागरिक असूनही जेवण आणि शाळा फुकट दिली. बालकादंबऱ्यांत मात्र नुसता मसाला.’ उदाहरण म्हणून नाव येतं जपानी वंशाच्या अमेरिकन लेखिका योशिको उचिदा यांच्या १९७१च्या ‘जर्नी टू टोपाझ’ या छावणीवरच्या बालकादंबरीचं.

शत्रूराष्ट्राचे नागरिक? डांबलेल्या सुमारे १,२०,००० माणसांपैकी दोनतृतीयांश अमेरिकन नागरिकच होती. जपानहून आलेल्या त्यांच्या आईबापांच्या पिढीला नागरिकत्व हवं असलं तरी कायदा १९५२पर्यंत ते देतच नव्हता. आपणच दाराला कडी घालायची आणि वर म्हणायचं, तुम्ही बाहेरचे!

संरक्षणाचं म्हणाल, तर मनोऱ्यांवरच्या बंदुका आतल्या बाजूला रोखलेल्या होत्या. आणि जिथे प्रत्यक्ष बॉम्ब पडले, त्या हवाईत दीड लाखाहून जास्त जपानी वंशाचे लोक असूनही सरसकट उचलबांगडी झाली नाही. त्यांच्यावाचून बेटांचा गाडा अडला असता.

आता फुकटची सोय. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या उचिदा कुटुंबाला आधी टॅनफोरानच्या रेसकोर्सवर नेलं आणि घोड्याच्या ठाणात ठेवलं. भिंतींवर घाईघाईत चुना फासलेला, त्यात मेलेले किडे तसेच चिकटून पांढरे झालेले. शेणाने माखलेल्या फळ्यांवर लिनोलियम अंथरलेलं, घोड्यांचा वास काही जाईना. पुढे युटाच्या वाळवंटातल्या टोपाझ छावणीत शाळा निघाली, पण वर्गांना शेगड्या नव्हत्या आणि छताच्या भोकांतून धूळ आत यायची. तिथे दुसरीच्या मुलांना शिकवायला कोण, तर खुद्द योशिको उचिदा. ऐकीव गोष्टी लिहिणारी ही बाई नव्हे.

राहिला मसाला. कादंबरीत कुंपणाजवळ गेलेल्या म्हाताऱ्या कुरिहारांना पहारेकरी गोळी घालतो, हे अनेकांना ‘अती’ वाटतं. ११ एप्रिल १९४३ रोजी टोपाझमध्येच ६३ वर्षांचे जेम्स वाकासा अशाच गोळीने गेले. ते कुंपणातून निसटत होते, असं सैन्याने आधी सांगितलं; रक्ताचा डाग मात्र कुंपणाच्या आत सापडला. पहारेकऱ्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

‘भरपाई मिळाली की’ हेही कुणीतरी म्हणतंच. मिळाली, १९८८च्या कायद्याने: सरकारची माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर. तोवर ती आईबापांची पिढी बहुतेक संपलेली होती.

मला विचाराल तर बाईंनी हात आखडताच घेतला आहे. वाकासांच्या सोबत्यांनी त्या जागी दगडाचं स्मारक उभारलं होतं. ते पाडा, असा अधिकाऱ्यांचा हुकूम आला. सोबत्यांनी भलामोठा दगड तिथेच जमिनीत पुरून टाकला. तो सापडला २०२०मध्ये.