‘सजावटीवर दंड लावलाय’ या अभिप्रायाला कॅफेमालकाचं उत्तर

नमस्कार. तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या बेळगावातल्या कॅफेच्या माइनक्राफ्ट (ब्लॉक, म्हणजे ठोकळे, रचून बांधकाम करायचा कॉम्प्युटर गेम) सर्व्हरवर तुम्ही वाडा बांधायला घेतलात. लाल कौलांचं छप्पर आणि पांढरे खांब करता करता माल संपला. तेवढ्या वेळात शेजारच्या पोरांनी कोबलस्टोनचा, म्हणजे साध्या दगडी ब्लॉकचा, चौकोनी डबा उभा केला आणि हिऱ्याची हत्यारंसुद्धा करून घेतली. शोभेच्या वस्तूंचा खेळात उपयोग शून्य, मग त्या महाग का, असा तुमचा प्रश्न आहे. मालकाला यातून पैसे काढायचे असणार, असंही लिहिलंय. शिवाय कोपऱ्यातल्या पंख्याची तक्रार.

पंखा बदललाय.

आता पैशांचं. आमच्या सर्व्हरवर रुपयांत काहीच मिळत नाही. खेळात फायदा न देणारी सजावट सर्व्हरवाल्याला विकायला माइनक्राफ्टच्या नियमांची हरकत नाही, पण आम्ही तेही करत नाही. तासाचे पैसे घेतो ते मशीनचे आणि करंटचे. माल महाग केला की गिऱ्हाईक जास्त तास बसेल, हा हिशेब मलाही कळतो. पण तसाच धंदा करायचा असता तर पुढे सांगतोय ते बदल मी केलेच नसते.

तुमच्या छपरापासून सुरू करतो, कारण सगळा माल तिथेच गेलाय. खानापूरकडच्या कौलांचा रंग यावा म्हणून तुम्ही विटांचे जिने (पायरीच्या आकाराचे ब्लॉक) वापरलेत. निवड झकास आहे. पण ते जिने तुम्ही क्राफ्टिंग टेबलवर, म्हणजे खेळातल्या वस्तू बनवायच्या साध्या टेबलवर, केलेत. तिथे 6 ब्लॉक घातले की 4 जिने मिळतात. स्टोनकटरवर, म्हणजे दगड कापायच्या यंत्रावर, एका ब्लॉकचा एक जिना. हे यंत्र 2019 च्या 1.14 आवृत्तीपासून खेळात आहे, 3 दगड आणि 1 लोखंडाची कांडी एवढ्यात होतं. समजा छपराला 400 जिने लागले. टेबलवर 600 ब्लॉक जातात. एका ब्लॉकला 4 विटा, म्हणजे 2400 मातीचे गोळे भाजायचे, आणि एका कोळशात 8 भाजतात म्हणून 300 कोळसे. स्टोनकटरवर हेच काम 1600 गोळ्यांत आणि 200 कोळशांत होतं. एक तृतीयांश माल वाचतो. त्यात सर्व्हरचा काही संबंध नाही.

लाकडाला मात्र मूळ खेळात ही सोय नाही. म्हणून आम्ही डेटापॅक (खेळाचे नियम बदलणाऱ्या फायली) टाकून आमच्याकडे फळ्याही स्टोनकटरवर कापायची मुभा दिलीय. काचेचंही तसंच. एरवी लावलेली काच काढताना फुटते, ती अख्खी काढायला हत्यारावर सिल्क टच नावाची जादू लागते. आमच्याकडे ती अख्खी हातात येते. खिडकी चुकली म्हणून पुन्हा वाळू भाजत बसायची गरज नाही.

यामागे विचार एकच आहे. कापाकापी, जोडणी, मोडतोड स्वस्त असावी, दुर्मीळ माल महाग असावा. दिवाळीत आपल्या गल्ल्यांत पोरं किल्ले करतात तेव्हा माती, दगड, पोती फुकटच असतात. बुरूज चार वेळा पाडला तरी कुणाच्या खिशाला चाट नाही, आणि म्हणूनच चौथा बुरूज देखणा होतो. पैसे जातात ते मावळ्यांवर. तिथे मग कुठला मावळा घ्यायचा, कुठे उभा करायचा, यावर खल होतो. उलट बुरूज पाडायलाच पैसे पडले असते तर सगळ्यांनी पहिलाच कसाबसा ठेवला असता.

तुमचे पांढरे खांब या मावळ्यांत मोडतात. ते क्वार्ट्झ या पांढऱ्या दगडाचे आहेत. मूळ खेळात मास्टर झालेला गवंडी व्हिलेजर (खेळातला गावकरी) 1 एमराल्डला, म्हणजे व्यवहारात चालणाऱ्या पाचूला, 1 क्वार्ट्झ ब्लॉक देतो, आमच्याकडे 3 एमराल्ड घेतो. हे मी मुद्दाम केलंय. 32 काठ्या फ्लेचरला, म्हणजे बाण करणाऱ्या गावकऱ्याला, दिल्या की 1 एमराल्ड मिळतो, आणि झाडं काही संपत नाहीत. पहिल्या हंगामात दर मूळचाच होता. बघता बघता शहापूरच्या पोरांपासून अनगोळच्या पोरांपर्यंत सगळ्यांची घरं पांढरी! कुणाचं कुठलं ते दारावरची पाटी वाचून कळायचं. (पाट्या मराठीत लावा नाहीतर कन्नडमध्ये, दोन्ही चालतात. त्या भांडणाला सर्व्हरवर जागा नाही.) एमराल्ड द्यायचे नसतील तर नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या पाताळात, जाऊन क्वार्ट्झ खणा, 4 तुकड्यांचा एक ब्लॉक होतो. त्यात आम्ही हात घातलेला नाही.

राहिला उपयोगाचा मुद्दा. सजावटीला काही ताकद जोडा, असं तुम्ही सुचवलंय. व्हॅलहाइम या खेळात ते आहे. घरात सामान असेल तर कम्फर्ट (आरामाचा आकडा) वाढतो आणि विश्रांतीचा फायदा जास्त वेळ टिकतो. पण एकाच जातीच्या दोन वस्तूंचा दुप्पट फायदा मिळत नाही. मग बरेच खेळाडू काय करतात? एक खुर्ची, एक गालिचा, एक पताका. यादी पूर्ण झाली की घर झालं. मला ते औषधाचे डोस मोजल्यासारखं वाटतं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 चं. त्याच्या छतातल्या कमळावर कुठलाही भार टेकलेला नाही, तरी नाव पडलं ते त्यावरूनच. डबा बांधणाऱ्या पोरांना हिऱ्याची हत्यारं मिळाली, मिळू देत. त्यांचं घर बघायला कुणी थांबत नाही. तुमचं छप्पर अर्धवट असूनही त्याचे फोटो पोरं काढून नेतात.

सगळंच फुकट करा, असं म्हणणाऱ्यांसाठी क्रिएटिव्हचं, म्हणजे सगळा माल फुकट मिळतो असं, वेगळं जग आहेच, त्याच तासाच्या दरात. तिथे वाड्याचा नमुना आधी बांधून बघा, किती क्वार्ट्झ लागेल ते मोजा. चारही खांब अख्खे पांढरे न करता तळखडा आणि माथाच पांढरा ठेवला, मधला भाग लाकडाचा केला, तर माझ्या मते वाडा जास्त वाड्यासारखा दिसेल. पण वाडा तुमचा.

क्वार्ट्झचा दर या हंगामात 3 एमराल्डच राहील. स्टोनकटर सगळ्यांसाठी उघडा हवा म्हणून गाव सुरू होतं तिथे विहिरीजवळ एक ठेवलाय, तो वापरा. स्टार वाढवा असं म्हणत नाही, फक्त ‘मालक सजावट विकतो’ एवढं वाक्य काढलंत तर बरं होईल.