आमचं स्टेशन भुताचं नाही बरं का

सकाळी सकाळी डोकं फिरलं. कोण्या पोरानं कापूसतळणीच्या स्टेशनवर रील बनवली, मागे ते हॉरर म्युझिक, वर लिहिलंय 'विदर्भातलं भूत स्टेशन, रात्री जायची हिंमत आहे का?' अरे भूत कोणाचं? माझ्या आजीचं?

मामाचं गाव आहे ते माझं. १९९१ चा उन्हाळा, आजीसोबत शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या लाईनीच्या गाडीनं, अचलपूरला चाललो होतो. स्टेशनवर तिकीट द्यायला माणूस नाही, गार्डच उतरून तिकिटं फाडायचा आणि गाडी तोवर निवांत उभी. आजी म्हणाली, "चार वर्साचा हाय बाप्पा, आंगानं मोठा दिसते." गार्डनं मला विचारलं, शाळेत जातोस का रे? मी छाती काढून सांगितलं, दुसरीत! आजीनं असा चिमटा काढला की बस. मग हाफ तिकीट आलं, आणि पैसे पदराच्या गाठीत, गाठ सुटेना, शेवटी आजी दातानं सोडवायला लागली आणि इंजिन फुसफुस करत तिची वाट पाहत उभं.

ते इंजिन १९२१ चं, मँचेस्टरमध्ये बनलेलं. कापूसही तिकडेच जायचा ना. वऱ्हाडातला कापूस या अडीच फुटी रुळावरून मूर्तिजापूर, तिथून मोठ्या लाईननं मुंबई, पुढे बोटीनं विलायत, त्यासाठीच किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीनं ही लाईन टाकली, आमच्या सोयीसाठी नाही, आणि कहर म्हणजे स्वातंत्र्यानंतर सगळ्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही राहिली कंपनीच्याच नावावर, चालवायची मध्य रेल्वे आणि मालक भलताच! यावर कोणी रील बनवत नाही. गावाच्या नावातच कापूस आहे हो, ते तरी वाचायचं.

हो, मान्य, गाडी स्लो होती. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरला चार-चार तास, एसटी कधीच पुढे निघून जायची. पण एसटीचा कंडक्टर गाठ सुटेपर्यंत थांबला असता का? डबल बेल मारून मोकळा.

१५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, मग एक दिवस तेही नाही. ब्रॉडगेज होणार म्हणून २०१६ पासून ऐकतोय. दर इलेक्शनला शकुंतला आठवते सगळ्यांना, नंतर परत बाभळी. मागच्या दिवाळीत गेलो होतो तर रुळात बाभळी माझ्या डोक्याच्या वर, आणि ज्या जागी गार्डसमोर मी तोंड उघडलं तिथं कोणाच्या तरी शेळ्या बसलेल्या. बरं वाटलं खरं सांगू तर, कोणीतरी गाडीची वाट पाहतंय असं वाटलं.

आजी जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटपर्यंत मला 'दुसरीवाला' म्हणायची, पाव्हण्यांसमोर पण.

रीलखाली मी जरा जास्तच कडक कमेंट केली होती. आत्ता त्या पोराचा मेसेज आला, सॉरी दादा, डिलीट करू का? शेजारच्या अंजनगावचाच निघाला, कॉलेजात आहे, त्यानं ती गाडी चालताना धड पाहिलीपण नसेल. म्हटलं राहू दे रे, फक्त ते भूत काढ, आणि गावाचं नाव 'कपुस्तलनी' केलंय ते नीट कर. तर विचारतो, दादा तुमची आजी कुठं उभी होती, तिथं परत शूट करतो.