गाडीच्या एसीचा गॅस संपत नाही, तो गळतो

उन्हाळा तोंडावर आला की एक मेसेज हमखास फिरतो. आशय असा: गाडीच्या एसीचा गॅस दरवर्षी संपतोच, त्यासाठी मेकॅनिकला पैसे देऊ नका. ऑनलाइन गेजवाला, म्हणजे दाब दाखवणारा काटा असलेला, गॅसचा कॅन मागवा, काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत गॅस भरा. गळतीची शंका असेल तर टायरवाल्याकडची हवा मारून बघा, आणि गळती निघालीच तर सीलरची, म्हणजे गळती आतून बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली सोडा. हा सल्ला पाळला तर जोडातल्या एका ओ-रिंगवर (रबरी कडीवर) भागणारं काम कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बदलण्यावर जाऊ शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दरवर्षी संपतोच.’ हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तोच तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. गाडीचा कॉम्प्रेसर बेल्टवर चालतो, त्याचा शाफ्ट बाहेर आलेला असतो, काही पाइप रबरी असतात. त्यामुळे थोडा गॅस झिरपतो हे खरं. पण किती? युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशात एकच कूलिंग कॉइल (केबिनची हवा गार करणारी) असलेल्या गाडीसाठी वर्षाला ४० ग्रॅमची कमाल मर्यादा आहे. छोट्या गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम गॅस असतो, म्हणजे ही मर्यादा गाठणाऱ्या गाडीचंही कूलिंग वर्षभरात बसत नाही. दर मार्चमध्ये गॅस भरावा लागत असेल तर गाडीत गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. शिवाय कूलिंग कमी म्हणजे गॅसच कमी, असंही नाही. कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा बंद असेल, केबिन फिल्टर धुळीने चोंदला असेल किंवा कॉम्प्रेसरचा क्लच पकडत नसेल, तरी गारवा कमी पडतो. आधी हे बघा, त्याला खर्च नाही.

‘काटा हिरव्यात येईपर्यंत भरा.’ सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं. गाडी बंद असताना यंत्रणेत थोडाही गॅस द्रवरूपात शिल्लक असेल तर आतला दाब तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस घ्या. ३० अंशांना त्याचा दाब ९५ पीएसआयच्या आसपास असतो, मग गॅस पूर्ण असो की निम्मा. गाडी चालू केली की आकडा इंजिनचा वेग, पंखा आणि बाहेरचं ऊन यांच्याप्रमाणे हलतो. त्यात कॅनचा गेज फक्त कमी दाबाच्या बाजूला बसतो. जास्त दाबाच्या बाजूला काय चाललंय ते दिसतच नाही. गॅस जास्त झाला तर कूलिंग उलट कमी होतं, माणसाला वाटतं अजून हवा, तो अजून सोडतो, आणि शेवटी द्रवरूप गॅस आत जाऊन कॉम्प्रेसरच निकामी होतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस ग्रॅममध्ये लिहिलेला असतो तो यासाठीच. जुना गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून (आतली हवा आणि ओल खेचून काढून), वजनाने भरणं हीच खात्रीची रीत आहे.

मग घरी करण्यासारखं काही नाही का? भरपूर आहे: गळती शोधणं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गॅस सुटतो तिथे तेल येतं आणि तेलावर धूळ बसते. बॉनेट उघडून टॉर्च मारा. ॲल्युमिनियमच्या पाइपच्या जोडावर काळपट, ओलसर डाग दिसला तर संशय तिथेच. जाळीमागचा कंडेन्सर खड्यांचे मार खातो, त्याचा खालचा भाग नीट बघा. मग भांडी घासायचा साबण पाण्यात दाट कालवून ब्रशने जोडांवर लावा, आणि घाई करू नका, बारीक गळतीचा फेस मिनिटाभराने हळूच फुगतो. कमी दाबाची बाजू, म्हणजे जाडा पाइप, गाडी बंद ठेवून तपासा, कारण बंद असतानाच तिथला दाब जास्त असतो. जास्त दाबाचा बारीक पाइप एसी चालवून, गाडी बंद केल्या केल्या तपासा. गॅस भरायच्या दोन्ही पिनांवर साबणाचा थेंब टाका. टोपी हरवलेली आणि पिन गळणारी, हे फार वेळा निघतं. कुठेच फेस आला नाही तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलचा संशय घ्यावा. तो यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरशिवाय पक्का होत नाही.

जोड मात्र घरी उघडू नका. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, हातावर आला तर कातडी गोठते. आणि हवेत सोडलेला ४५० ग्रॅम आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात सहाशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो.

‘टायरवाल्याकडची हवा मारा.’ अजिबात नाही. त्या हवेत ओल असते, ओलीने आत आम्ल तयार होतं, आणि दाबाखाली आर-१३४ए हवेत मिसळला तर मिश्रण पेट घेऊ शकतं. दाबाची तपासणी कोरड्या नायट्रोजनने करतात.

‘सीलर सोडा.’ बरेच सीलर ओल लागली की घट्ट होतात. गळक्या यंत्रणेत ओल शिरलेली असू शकते, मग तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये जाणारा गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकातही घट्ट होऊ शकतो. पुढे गॅरेजवाल्याचं गॅस काढायचं मशीनही त्याने बिघडू शकतं, म्हणून सीलर घातलेली गाडी दुरुस्तीला घ्यायला अनेक गॅरेजवाले नकार देतात.

मेसेजमधला राग मात्र रास्त आहे. गळती न बघता नुसता गॅस मारून बिल हातात ठेवणारी गॅरेजं आहेत. त्यांना भरण्याआधी विचारा: जुना गॅस किती ग्रॅम निघाला? गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ धरून ठेवला? आता किती ग्रॅम भरणार? उत्तरं मिळत नसतील तर गाडी दुसरीकडे न्या. जोड बराच काळ उघडा राहिला असेल तर ड्रायर बॉटल (आतली ओल शोषणारा भाग) बदलून घ्या, आणि गॅसबरोबर गेलेलं तेल तितकंच परत घातलं का, तेही विचारून घ्या.