‘४० गोळ्यांत पिस्तूल झिजतं का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या शस्त्रदुरुस्तीच्या दुकानाबद्दलचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत की, फक्त साफसफाईसाठी दिलेलं पिस्तूल आम्ही ९ दिवस ठेवून घेतलं, न विचारता उघडलं, तपासणीचे १,५०० रुपये लावले आणि वर ‘सिअर (चढवलेला घोडा अडवून धरणारा आतला छोटा भाग) झिजलाय’ म्हणून भीती घातली. आजवर जेमतेम ४० गोळ्या झाडलेलं पिस्तूल झिजेल कसं, असं तुमचं म्हणणं. तुमचं नाव, परवाना क्रमांक, राहण्याचं ठिकाण यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. कोणाकडे शस्त्र आहे हे चारचौघांत बोलायचं नसतं.

आधी आमची चूक. ९ दिवसांत एक फोन करायला हवा होता, केला नाही. साफसफाईचं काम घेतल्यावर आतले भाग सुटे करण्याआधी तुमचा होकार घ्यायला हवा होता, तोही घेतला नाही. दोन्हींसाठी मनापासून माफी मागतो. ते १,५०० रुपये परत देतो, कारण त्या कामाला तुम्ही हो म्हणालाच नव्हता.

सिअरबद्दल मात्र मी शब्द मागे घेणार नाही.

पिस्तूल तुमचे भाऊ घेऊन आले होते. परवाना आणि तुमचं लेखी अधिकारपत्र सोबत होतं. शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम ३ दुरुस्तीसाठी तेवढी मुभा देतं, म्हणून रजिस्टरला नोंद करून आम्ही ते ठेवून घेतलं. पण त्यामुळे टेबलावर काय झालं ते तुम्हाला बघता आलं नाही. ते सांगतो.

मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) काढलं. चेंबर (झाडायचं काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहिलं, करंगळी घालूनही पाहिलं. स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून घोडा (ज्याच्या आघाताने गोळी सुटते तो हातोडा) चढवला, सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) लावली, चाप नेहमीपेक्षा जोरात दाबून सोडला. मग बोट चापापासून लांब ठेवून सेफ्टी काढली. या वेळी आत काहीही हलता कामा नये. सहा वेळा ठीक गेलं. सातव्या वेळी सेफ्टी सरकवली आणि आत ‘टक्’ वाजलं. चापाला कोणाचा हात नव्हता आणि घोडा पडला होता. पुन्हा केलं. २० वेळांत ३ वेळा पडला. चेंबरमध्ये काडतूस असतं तर तीनदा गोळी सुटली असती. तेव्हा आम्ही ते उघडलं. विचारून उघडायला हवं होतं, हे खरंच. पण तसंच पुसून परत देणं मला जमलं नसतं.

सिअरची जी धार घोड्याच्या खाचेत अडकते तिचा कोपरा नखाला लागेल इतका टोकदार हवा. भिंगाखाली तुमच्या सिअरची डावी बाजू गोल झालेली दिसते, आणि तेवढीच जागा आरशासारखी चकाकते. खाचेत जुनं वंगण डिंकासारखं घट्ट बसलं होतं. ते काढल्यावर घोडा पडणं कमी झालं, थांबलं नाही.

आता ४० गोळ्यांचं. बॅरल नव्यासारखी आहे, आतले आटे स्वच्छ चमकतात, रिकॉइल स्प्रिंगमध्ये जोर आहे. तुमचं म्हणणं तिथे शंभर टक्के खरं. पण कमरेला बाळगायचं पिस्तूल गोळ्यांनी कमी आणि रोजच्या हाताळणीने जास्त झिजतं. भाऊ सांगत होते की तुम्ही रोज सकाळी भरता आणि रात्री रिकामं करता. म्हणजे वर्षाला ७०० च्या वर वेळा स्लाइड मागे-पुढे होते, घोडा चढतो, उतरतो, आणि सिअर तेवढ्याच वेळा खाचेत आपटतो. त्यात चामड्याच्या म्यानात अंगाचा घाम आणि आपल्याकडची दमट हवा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांच्या वेळी हे पिस्तूल पोलिसांकडे जमा होतं. आत वंगण थिजायला तेवढं पुरतं.

याच रोजच्या सवयीतून दुसरी गोष्ट झाली आहे, आणि ती सिअरइतकीच गंभीर आहे. मॅगझिन भरलेलंच आलं होतं (असं यापुढे पाठवू नका). ३२ बोअरचं काडतूस २५ मिलिमीटरच्या आसपास लांब असतं. सगळ्यात वरचं काडतूस व्हर्नियरला (बारीक मापाच्या मोजपट्टीला) बाकीच्यांपेक्षा जवळपास १ मिलिमीटर आखूड भरलं. तेच एक काडतूस रोज सकाळी चेंबरच्या उतारावर आपटून शिसं (पुढची गोळी) काडतुसाच्या नळीत आत सरकलंय. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो. ते आम्ही वेगळ्या पुडीत बांधून दिलंय. ते झाडू नका, मॅगझिनमध्येही परत घालू नका.

एक्स्ट्रॅक्टरच्या (चेंबरमधलं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकडीच्या) नखाचा बारीक टवका उडालाय. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडली की असं होतं. हे काम घाईचं नाही.

सिअर घासून धार लावून देतो म्हणणारे भेटतील. कृपा करून तसं करून घेऊ नका. वरचा कठीण थर निघाला की आतलं मऊ पोलाद काही महिन्यांत पुन्हा गोल होतं, आणि या वेळी लवकर. कारखान्याचा मूळ भागच बसवायला हवा. तो आमच्याकडूनच घ्या असं मुळीच नाही, दुसऱ्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे दाखवा. वर सांगितलेली सेफ्टीची तपासणी त्यांना तुमच्यासमोर २० वेळा करायला लावा. भिंगाखालचे फोटो माझ्याकडे आहेत, ते मी त्यांना देईन.

तुम्ही दुरुस्ती नाकारलीत आणि ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी घेऊन भाऊ पिस्तूल परत घेऊन गेले. त्यानंतर मी तुम्हाला तीनदा फोन केला, तो लागला नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. उद्या सकाळी ते भरू नका, साहेब. कोणाकडेही दाखवेपर्यंत मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं आणि पिस्तूल कुलपात राहू द्या.